शपथ तिकडची, सातबारा इकडचा

परदेशात गेलेल्या मुलांविषयी मराठी घरांतून जे प्रश्न विचारले जातात, त्यांचा एक क्रम ठरून गेला आहे. आधी 'व्हिसा मिळाला का?' मग 'ग्रीन कार्डाचं कुठवर आलं?' आता अनेक घरांत तिसरा प्रश्न येऊन बसला आहे आणि तो पहिल्या दोन्हींपेक्षा अवघड आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरकारी कचेरीतून यायची होती. तिसऱ्याचे उत्तर घरातल्यांनाच द्यायचे आहे. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षे झाली, आता तिथले नागरिकत्व घ्यायचे की नाही?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०११ मध्ये १ लाख २२ हजार ८१९ जणांनी भारताचे नागरिकत्व सोडले. २०२२ मध्ये हा आकडा २ लाख २५ हजार ६२० झाला आणि २०२३ मध्ये २ लाख १६ हजार २१९. बीड शहराची २०११ ची लोकसंख्या दीड लाखाच्या आत होती. म्हणजे बीडहून मोठे एक शहर दर वर्षी भारताच्या नागरिकत्वातून कमी होते आहे.

हा विषय आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. आमचे नांदूरघाट हे केज तालुक्यातले, बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यातले गाव. इथला माणूस गाव सोडतो तो बहुधा कोयता घेऊन, ऊसतोडीसाठी. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या पट्ट्यातलीही मुले पुण्यात इंजिनिअर होऊन थेट न्यू जर्सी-टेक्सासला पोचली. मी बँकेत अधिकारी होतो, म्हणून निवृत्तीनंतरही लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात. मध्यंतरी गावातले एक निवृत्त गुरुजी आले. म्हणाले, ''साहेब, पोरगं म्हणतंय, आता तिकडची शपथ घ्यायची. घेऊ द्या. पण मग माझ्यामागं त्याचं नाव सातबाऱ्यावर लागंल का?'' त्यांना देशभक्तीबद्दल विचारायचे नव्हते, पासपोर्टाबद्दलही नव्हते. साडेपाच एकर जमिनीबद्दल विचारायचे होते. मला त्यात काही हलके वाटले नाही. आपल्याकडे माणूस कुठला, हे अजूनही सातबाराच सांगतो.

म्हणून आधी कायदा नीट समजून घेऊ. अमेरिकेला दुहेरी नागरिकत्वाचे वावडे नाही. अडथळा आपल्याकडचा आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार, ज्याने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी निराळा अर्ज लागत नाही. तिथे शपथ घेतली, की इथले संपले. पासपोर्ट परत करायचा. जर्मनीने २७ जून २०२४ पासून आपल्या नव्या नागरिकांना जुने नागरिकत्व ठेवण्याची मुभा दिली, पण भारतीयाला तिचा उपयोग नाही. म्युनिकमधल्या मराठी माणसालाही दोनांतले एकच निवडावे लागते.

मग जमिनीचे काय? इथे बहुतेक घरांत एक गैरसमज असतो. नागरिकत्व सोडले की जमीन गेली, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात परकीय चलनविषयक नियम पाहतात ते माणूस कुठे राहतो हे. अनिवासी भारतीय असो की परदेशी नागरिक झालेला 'ओसीआय' कार्डधारक, दोघांनाही भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही नाही. आणि वडिलोपार्जित शेतजमीन वारसाहक्काने दोघांनाही मिळते. विकायची झाली तर ती भारतात राहणाऱ्या माणसालाच विकावी लागते. बँकेतही तेच. एनआरई, एनआरओ ही खाती दोघांना सारखीच. तेव्हा जमिनीच्या बाबतीत जो बदल व्हायचा तो मुलगा विमानात बसला तेव्हाच होऊन गेला. शपथेने त्यात फारशी भर पडत नाही. गुरुजींना मी हेच सांगितले. वारसाने नाव लागेल. फक्त हयातीत बक्षीसपत्र करायला जाऊ नका.

दुसरी गोष्ट ऐकताना उलटी वाटते, पण खरी आहे. मुलाने परकी शपथ घेतली की तो कायमचा दुरावला, असे आईवडिलांना वाटते. ग्रीन कार्डाचे नियम काय सांगतात? सहा महिन्यांहून जास्त काळ अमेरिकेबाहेर राहिले, तर नागरिकत्वासाठी मोजायची वर्षे खंडित झाली असे धरले जाऊ शकते. आगाऊ परवाना न घेता वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिले तर कार्डच धोक्यात येते, आणि तो परवाना फार तर दोन वर्षांचा मिळतो. म्हणजे वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि मुलाला वर्ष-दीड वर्ष उशाशी बसायचे असेल, तर भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलाला सतत दिवस मोजत बसावे लागते. नागरिक होऊन 'ओसीआय' कार्ड घेतलेला मुलगा मात्र हवे तितके दिवस गावात राहू शकतो. व्हिसा नको, पोलिसांकडे नोंद नको. कागदोपत्री परका झालेलाच घरी जास्त थांबू शकतो. मुलांच्या शपथेला डोळे पुसत विरोध करणाऱ्या आयांना हे कुणीतरी सांगायला हवे.

ही योजना २००५ च्या अखेरीस सुरू झाली आणि ९ जानेवारी २०१५ रोजी जुने 'पीआयओ' कार्ड तिच्यात विलीन झाले. पण तिच्या नावातल्या 'सिटिझन' या शब्दाला फसू नये. हे नागरिकत्व नव्हे. तो आजीव परवाना आहे, आणि काही कारणांसाठी तो सरकारला रद्दही करता येतो. पत्रकारिता, संशोधन अशा कामांसाठी त्या कार्डधारकाला मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार खास परवानगी लागते. सरकारी नोकरी नाही. निवडणूक लढवता येत नाही आणि मतही देता येत नाही.

तर खरा सौदा हा आहे. जमीन जात नाही, खाते जात नाही, येणे-जाणे उलट सोपे होते. जाते ते मत. आणि आपल्याकडे या गोष्टीची चर्चा सर्वांत कमी होते.

मत म्हणजे काय, हे नांदूरघाटच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बीड जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. सहा महिने पाचटाच्या कोपीत काढतात. २०२४ ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला होती, आणि गळीत हंगामही नोव्हेंबरातलाच. टोळी निघून गेली की मतदान बुडते. मग माणसाला परत आणायला गाड्यांची धावपळ होते. ती कोण करतो आणि कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही त्या एका दिवशी ऊसतोड्याच्या दारात माणसे येतात, त्याला विचारतात, त्याचे गाऱ्हाणे ऐकून घेतल्याचे नाटक तरी करतात. उरलेल्या दिवसांत तेवढेही होत नाही. मत हातात असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांत हा फरक असतो.

परदेशातल्या भारतीयाकडेही हे मत कागदावर आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती होऊन, ज्याने दुसरे नागरिकत्व घेतलेले नाही अशा अनिवासी भारतीयाला आपल्या गावच्या मतदारयादीत नाव घालण्याचा हक्क मिळाला. अट एकच, मत द्यायला स्वतः यायचे. मुखत्यारामार्फत मत देण्याची सोय करणारे विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत संमत झाले, पण राज्यसभेत संमत होण्याआधीच लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. परिणाम काय झाला? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे १ लाख १९ हजार परदेशस्थ मतदारांची नोंद होती. त्यांपैकी मत दिले २,९५८ जणांनी, आणि त्यांतले २,६७० एकट्या केरळचे. कोट्यवधींच्या प्रवासी भारतीयांत उरलेल्या सगळ्या राज्यांचे मिळून तीनशेसुद्धा नाहीत.

थोडक्यात, ग्रीन कार्डावर वीस वर्षे काढणारा माणूस दोन्हीकडे मुका असतो. तिकडे कर भरतो, पण मत देऊ शकत नाही. इकडे मत देऊ शकतो, पण देत नाही. त्याची मुले ज्या शाळेत जातात, त्या शाळेच्या मंडळावर कोण यावे हे शेजारी ठरवतात. माझा या विषयातला मुख्य मुद्दा एवढाच आहे. एकदा परका देश आपलासा केला, की त्याचे नागरिकत्व घेणे ही गद्दारी नाही. आयुष्यभर कुठल्याच सत्तेला जाब न विचारता राहणे हे मात्र आपल्या मुलांच्या हिताचे नाही.

आणि नुसते कार्ड भक्कम असते असेही नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी जाहीरपणे सांगितले, की ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत अमर्याद काळ राहण्याचा हक्क नव्हे. कायद्याच्या दृष्टीने त्यात नवे काही नव्हते. गंभीर गुन्ह्यासाठी किंवा इतर काही कारणांसाठी कार्डधारकाला आधीही परत पाठवता येत होते. पण राज्यकर्ता हे मोठ्याने म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. जी घरे 'बघू पुढच्या वर्षी' म्हणत होती, त्यांना तेव्हा कळले की पुढचे वर्ष आपल्या हातात नसते.

इतिहासही तेच सांगतो. कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने, ज्यांना नागरिक होता येत नाही अशा परकीयांना शेतजमीन घेण्याची बंदी होती. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस 'गोरा' ठरत नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. त्यानंतर आधी नागरिक झालेल्यांचेही हक्क काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित हे स्वतः १९१४ पासून नागरिक होते. त्यांच्यावरही नोटीस आली. ते लढले, वरच्या न्यायालयात १९२६ मध्ये जिंकले, आणि पुढे सरकारने इतरांवरची प्रकरणे सोडून दिली. हिंदी माणसाला नागरिकत्वाचे दार कायद्याने उघडले ते १९४६ मध्ये. १९४९ मध्ये नागरिक झालेले दलीपसिंग सौंद १९५६ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. बेळगावात वाढलेले, १९८८ मध्ये नागरिक झालेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून निवडून आले. आधीच्या पिढीने न्यायालयात भांडून जे मागितले, ते आज एका अर्जाने मिळते आहे. ते घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण क्षुल्लक समजू नये.

आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना तर या विषयात इतके हळवे होण्याचे कारण नाही. निजामाच्या राज्यात सरकारी नोकरीसाठी 'मुलकी' ठरावे लागे आणि त्यासाठी पंधरा वर्षांचा रहिवास लागे. ते त्या काळचे ग्रीन कार्डच! १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. २६ जानेवारी १९५० ला आमचे वाडवडील निजामाच्या रयतेचे भारताचे नागरिक झाले. १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. त्या बारा वर्षांत त्यांनी घराचा उंबरठाही बदलला नव्हता. बाजारातला हाली सिक्का गेला, कचेरीतली उर्दू गेली, पण शेत तेच आणि बोलीही तीच राहिली. कुणाचे राज्य आणि कुठले गाव, या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आमच्याइतके कुणाला कळावे?

याचा अर्थ सगळ्यांनी शपथ घ्यावी असा नाही. ज्याला पाच-सात वर्षांत परत यायचे आहे, इथे निवडणुकीत उतरायचे आहे किंवा सरकारी पद भूषवायचे आहे, त्याने घाई करू नये. परतीची वाट बंद नसली तरी लांबची आहे. 'ओसीआय' म्हणून पाच वर्षे नोंद आणि अर्जाआधी बारा महिने भारतात वास्तव्य असेल, तर पुन्हा भारतीय नागरिकत्व मागता येते. त्यासाठी तिकडचे सोडावे लागते. आणि नागरिक झालेल्या मुलाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागता येते, हे खरे असले तरी सत्तरीच्या माणसाला तिथे नेणे आणि तो तिथे रमणे यांत मोठे अंतर आहे. बर्फाच्या दिवसांत खिडकीशी बसून 'आज कुणी आलं नाही' म्हणणारे म्हातारे मी पाहिले आहेत.

कादंबरीत पात्र एकदा ठरवते आणि गोष्ट पुढे जाते. घरात तसे होत नाही. मुलगा आईवडिलांच्या मनाचा विचार करून अर्ज पुढे ढकलतो, आईवडील मुलाला अडवल्याचे पाप नको म्हणून विषय काढत नाहीत, आणि फोनवर दर रविवारी पावसाची चौकशी होते. हे मौन मोडायचे तर मोठ्यांनी पुढाकार घ्यावा. पुढच्या फोनवर सरळ विचारावे: तुझी मुले कुठे वाढणार? म्हातारपण कुठे काढायचे ठरवले आहेस? तिकडे मत मिळाले तर तू ते देशील ना? या तीन उत्तरांतून निर्णय बऱ्याच अंशी आपोआप निघतो. आणि निर्णय शपथेच्या बाजूने झाला, तर पहिली मोकळीक आईवडिलांनीच द्यावी. मुलाला आपल्या अनुमतीची कायद्याने गरज नसते. मनाने असते, आणि ती मागायला तो कचरतो.