बढतीची कसोटी कोणाची?

९ मे २०१३ रोजी मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधील बलाढ्य फुटबॉल क्लबाने डेव्हिड मोयेस यांची व्यवस्थापकपदी निवड जाहीर केली, तेव्हा त्यांच्याशी झालेला करार सहा वर्षांचा होता. १ जुलै रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली आणि २२ एप्रिल २०१४ रोजी त्यांना पदमुक्त करण्यात आले. सहा वर्षांपैकी पुरते दहा महिनेही त्यांच्या वाट्याला आले नाहीत. त्यानंतर जो निवाडा झाला तो फार लांबलचक नव्हता. माणूस लहान क्लबाच्या मापाचा होता, त्याला मोठ्या क्लबाचा अंगरखा सैल झाला, एवढेच काय ते सांगण्यात आले. हा निवाडा वृत्तपत्रांनी दिला, प्रेक्षकांनी उचलून धरला आणि यथावकाश तोच इतिहास होऊन बसला. लहान ठिकाणी नाव मिळविलेला माणूस मोठ्या ठिकाणी जाऊन फसला, की त्याच्या पात्रतेची सीमारेषा सापडली असे मानण्याची रीत काही एकट्या फुटबॉलची नाही. तालुक्याच्या शाळेला नावारूपाला आणणारा मुख्याध्यापक जिल्ह्याच्या नामांकित विद्यालयात गेला आणि तेथे त्याचे जमले नाही, तर शिक्षकांच्या खोलीत नेमके हेच ऐकू येते. म्हणूनच मोयेस यांच्या प्रकरणाची पुन्हा एकदा छाननी करणे अनाठायी ठरणार नाही.

क्रिकेटच्या परिभाषेत वाढलेल्या आपल्याकडील वाचकाला ‘व्यवस्थापक’ म्हटले की दौऱ्यावरील प्रवास, निवास आणि हिशेब पाहणारा गृहस्थ आठवतो. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये या पदाचा अर्थ परंपरेने फारच व्यापक आहे. संघ निवडणे, डावपेच आखणे, सरावावर देखरेख ठेवणे, कोणाला विकत घ्यावे आणि कोणाला विकावे हे ठरविणे, आणि पराभव झाला तर त्याचे उत्तर देणे, ही सारी जबाबदारी एका माणसाच्या डोक्यावर असते. विजयाचे श्रेय मात्र बहुधा खेळाडूंकडे जाते, ही गोष्ट वेगळी.

मोयेस यांना ही जबाबदारी नवखी नव्हती. १९९८ साली त्यांनी प्रेस्टन नॉर्थ एंड या जुन्या पण खालावलेल्या क्लबाची धुरा घेतली, २००० साली त्याला तिसऱ्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत नेले आणि पुढच्याच वर्षी पहिल्या श्रेणीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचविले. मार्च २००२ मध्ये ते लिव्हरपूल शहरातील एव्हर्टन क्लबात आले. एव्हर्टनचे नाव मोठे, इतिहास मोठा, पण तिजोरी लहान. २००४ साली वेन रूनी हा आपला सर्वांत गुणी तरुण खेळाडू त्यांना मँचेस्टर युनायटेडला विकावा लागला, आणि त्याच हंगामात रूनीवाचून एव्हर्टनने साखळीत चौथा क्रमांक पटकावला. खालच्या श्रेणीतील मिलवॉल क्लबाकडून १५ लाख पौंडांत आणलेला टिम केहिल त्यांचा कणा ठरला. आयर्लंडमधून अवघ्या ६० हजार पौंडांत आणलेला सीमस कोलमन पुढे वर्षानुवर्षे बचावफळीची उजवी बाजू सांभाळीत राहिला. २००७ ते २०१३ या सात हंगामांत वीस क्लबांच्या साखळीत एव्हर्टन एकदाही आठव्या क्रमांकाच्या खाली घसरले नाही. काटकसरीने संसार करून मुले शिकविणाऱ्या गृहिणीचे कौतुक आपण ज्या शब्दांत करतो, त्याच शब्दांत इंग्लंडमध्ये मोयेस यांचे कौतुक होत असे.

मात्र या अकरा वर्षांतील आणखी एक नोंद दुर्लक्षून चालणार नाही. मोयेस यांच्या एव्हर्टनला आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड या चौघांच्या मैदानांवर साखळीतील एकही सामना जिंकता आला नाही. तोकड्या साधनांनिशी अशा ठिकाणी जाऊन बरोबरी साधली तर ती मिळकत समजली जाई, आणि ते योग्यही होते. पण अकरा वर्षे ज्याने बरोबरीला यश मानले, त्याच्या मनाची ठेवण त्या मापाने घडत जाते. सावधपणा हा एव्हर्टनमध्ये गुण होता, कारण तेथे गमावण्यासारखे फार थोडे होते आणि तेही जपावे लागत होते. ओल्ड ट्रॅफर्डवर बसलेल्या पाऊण लाख प्रेक्षकांना बरोबरी हा अपमान वाटतो.

हा पालट मोयेस यांना उमजला नाही, हे मान्य करावे लागेल. एव्हर्टनमधीलच मरुआन फेलायनी हा मध्यरक्षक त्यांना हवा होता. जुलैअखेरपर्यंत तो करारातील कलमानुसार कमी रकमेत मिळू शकत होता. ती मुदत उलटून गेली आणि खरेदीच्या अखेरच्या दिवशी त्याच्यासाठी २ कोटी ७५ लाख पौंड मोजावे लागले. जुने साहाय्यक प्रशिक्षक, ज्यांना त्या घराचा कानाकोपरा ठाऊक होता, ते जाऊ दिले गेले आणि एव्हर्टनमधील सहकारी त्यांच्या जागी आले. फेब्रुवारी २०१४ मध्ये तळाशी असलेल्या फुलहॅमविरुद्ध युनायटेडने ऐंशीच्या घरात क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेने गोलसमोर टाकलेले चेंडू, टाकले आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. त्या दिवशी फुलहॅमचे व्यवस्थापक होते रेने म्युलेनस्टीन, युनायटेडमधून बाहेर पडलेल्या त्याच साहाय्यकांपैकी एक. स्वतःच्या मैदानावर त्या हंगामात वेस्ट ब्रॉमविचने १९७८ नंतर, न्यूकॅसलने १९७२ नंतर आणि खुद्द एव्हर्टनने १९९२ नंतर प्रथमच युनायटेडला साखळी सामन्यात हरविले. आदल्या वर्षीचे विजेते सातव्या क्रमांकावर गेले. मोयेस यांच्यावाचूनचे एव्हर्टन ७२ गुणांसह पाचवे आले.

इथपर्यंत फिर्यादी पक्षाची बाजू भक्कम आहे. पण ती एवढ्यावरच थांबते, आणि थांबू नये.

मोयेस ज्या घरात आले त्या घराची अवस्था काय होती? ॲलेक्स फर्ग्युसन साडेसव्वीस वर्षांच्या कारकिर्दीनंतर तेरावे साखळी विजेतेपद मिळवून निवृत्त झाले होते. ११ गुणांच्या आघाडीने मिळविलेल्या त्या विजेतेपदाने घराला बाहेरून उत्तम रंग दिला होता, पण आतील वासे जुने झाले होते. पॉल स्कोल्स निवृत्त झाला होता, रायन गिग्ज चाळिशीला टेकला होता, फर्डिनंड, विदिच आणि एव्रा हे बचावपटू उतरणीला लागले होते. ज्या डेव्हिड गिल यांनी कारभाराची बाजू इतकी वर्षे सांभाळली, तेही त्याच उन्हाळ्यात पायउतार झाले आणि खेळाडूंच्या खरेदीविक्रीचे व्यवहार या कामात नवख्या असलेल्या एड वुडवर्ड यांच्याकडे आले. म्हणजे देव्हाऱ्यातील मूर्ती आणि देवळाचा कारभारी दोघेही एकाच वेळी गेले, आणि नव्या पुजाऱ्याने मात्र नैवेद्याची वेळ चुकवू नये अशी अपेक्षा राहिली. मोयेस यांची शिफारसही फर्ग्युसन यांनीच केली होती. आपल्यासारखाच ग्लासगोचा, आपल्यासारखाच करड्या शिस्तीचा आणि एका जागी दीर्घकाळ टिकणारा माणूस त्यांनी पाहिला. संस्थापकाने आपल्या प्रतिबिंबाला वारस नेमावे, हा प्रकार आपल्या शिक्षणसंस्थांना आणि सहकारी बँकांना अपरिचित नाही.

शिवाय मोयेस लहान होते म्हणून अपयशी ठरले, हे खरे असेल तर मोठ्या माणसांनी ते काम तडीस न्यायला हवे होते. त्यांच्यानंतर आले लुई व्हान गाल, ज्यांनी आयाक्स, बार्सिलोना आणि बायर्न म्युनिक यांना आपापल्या देशांत अजिंक्यपद मिळवून दिले होते. २०१६ साली एफ.ए. चषक जिंकल्यानंतर दोनच दिवसांनी त्यांना निरोप देण्यात आला. मग आले जोझे मोरिन्यो, ज्यांच्या नावावर पोर्तो आणि इंटर मिलान अशा दोन क्लबांसाठी युरोपीय विजेतेपद होते. डिसेंबर २०१८ मध्ये तेही गेले. २०१३ नंतरच्या बारा हंगामांत मँचेस्टर युनायटेडला साखळीचे विजेतेपद एकदाही मिळाले नाही. अंगरखा सैल होता की फाटका होता, याचा विचार या आकड्यापाशी तरी व्हायला हवा.

ब्रायन क्लफ यांचे उदाहरण याहून जुने आणि याहून झोंबणारे. डर्बी काउंटीला दुसऱ्या श्रेणीतून उचलून १९७२ साली त्यांनी पहिल्या श्रेणीचे विजेते केले होते. १९७४ च्या उन्हाळ्यात ते तिसऱ्या श्रेणीतील ब्रायटनमधून थेट लीड्स युनायटेडमध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या विजेत्यांकडे, गेले. डॉन रेव्ही यांनी घडविलेल्या या संघावर क्लफ यांनी पूर्वी जाहीर तोंडसुख घेतले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी खेळाडूंना, तुमची पदके गैरमार्गाने मिळविलेली आहेत, ती फेकून द्या असे सुनावले, असे त्या खेळाडूंनीच पुढे सांगितले. पीटर टेलर हे त्यांचे जन्माचे साथीदार ब्रायटनलाच राहिले होते. ४४ दिवसांत क्लफ यांची गच्छंती झाली. तेव्हाही हेच म्हटले गेले की हा माणूस छोट्या गावांचा. त्यांनी लीड्समध्ये आणलेले जॉन मॅकगव्हर्न आणि जॉन ओहेअर हे डर्बीचे दोन खेळाडू तेथे हास्यास्पद ठरविले गेले. त्यानंतर क्लफ दुसऱ्या श्रेणीतील नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये गेले, हे दोघे त्यांच्या मागोमाग आले, आणि १९७९ व १९८० अशी लागोपाठ दोन वर्षे त्या मध्यम क्लबाने युरोपीय चषक जिंकला. दोन्ही वेळा कर्णधार होता मॅकगव्हर्न. माणूस तोच, पद्धत तीच, खेळाडूसुद्धा तेच; बदलले होते ते फक्त घर.

आणि ज्यांच्या सावलीत मोयेस कोमेजले ते फर्ग्युसन स्वतः कोठून आले होते? स्कॉटलंडमधील ॲबर्डीनहून. ग्लासगोच्या दोन धनाढ्य क्लबांचे वर्चस्व मोडून त्यांनी ॲबर्डीनला तीनदा साखळी विजेतेपद आणि १९८३ साली रेआल माद्रिदला हरवून युरोपीय कप विनर्स चषक मिळवून दिला होता. नोव्हेंबर १९८६ मध्ये ते मँचेस्टरला आले तेव्हा युनायटेड २२ क्लबांत २१ व्या स्थानी होते. पहिला सामना ते ऑक्सफर्डकडून २-० असा हरले. १९८९ मध्ये अकरावा क्रमांक, १९९० मध्ये तेरावा. प्रेक्षकांनी त्यांच्या निरोपाचे फलक उभारले. जानेवारी १९९० मध्ये एफ.ए. चषकाच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध हरले असते तर काय झाले असते, याची चर्चा इंग्लंडमध्ये अजून होते. विरुद्ध बाजूला व्यवस्थापक होते ब्रायन क्लफच. युनायटेडने तो सामना एका गोलने जिंकला, पुढे तो चषकही जिंकला, आणि साखळीचे विजेतेपद, २६ वर्षांच्या खंडानंतर, १९९३ साली आले. म्हणजे साडेसहा वर्षे लागली. मोयेस यांच्या वाट्याला आलेल्या मुदतीत फर्ग्युसन यांचे मोजमाप केले असते, तर अकराव्या क्रमांकावर नेऊन ठेवणारा एक स्कॉटिश गृहस्थ, एवढीच त्यांची नोंद राहिली असती.

फरक असा, की फर्ग्युसन मोडक्या घरात आले. तेथे भिंत पाडली तरी दुरुस्ती म्हणून ती खपून गेली. मोयेस आणि क्लफ विजेत्यांच्या घरात आले, तेथे खुर्ची हलविली तरी विध्वंस झाल्याची ओरड झाली. विजेत्या संस्थेला खरे तर बदल नकोच असतो. तिला कालचा दिवस उद्याही हवा असतो आणि त्यासाठी ती नवा माणूस नेमते. हा अंतर्विरोध ज्यांनी नेमणूक केली त्यांनी आधी सोडवायचा असतो. सहा वर्षांचा करार देताना ओल्ड ट्रॅफर्डच्या धुरीणांनी प्रतीक्षेची तयारी दाखविली होती. एव्हर्टनच्या गुडिसन पार्क मैदानावर २० एप्रिल २०१४ रोजी २-० असा पराभव झाला, चॅम्पियन्स लीगमधील प्रवेशाची उरलीसुरली शक्यता संपली, आणि ती तयारी ४८ तासांत आटोपली. सातव्या क्रमांकाचा संघ पुढील वर्षी सुधारला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. मोयेस यांनी तो सुधारला असताच, असा दावा करण्याचेही कारण नाही. पण कसोटी पूर्ण होण्यापूर्वी निकाल लावला गेला, आणि परीक्षकांचे गुण कोणी तपासले नाहीत.

मोयेस यांची नंतरची वाटचाल सरळ नव्हती. स्पेनमधील रेआल सोसिएदादमध्ये ते वर्षभर टिकले, २०१७ साली संडरलँड त्यांच्या हाताखाली दुसऱ्या श्रेणीत घसरले. पुढे लंडनच्या वेस्ट हॅमला त्यांनी जून २०२३ मध्ये प्राग येथे फियोरेंतिनाला हरवून युरोपा कॉन्फरन्स लीग जिंकून दिली. १९८० नंतर त्या क्लबाला मिळालेला तो पहिला मोठा चषक. जानेवारी २०२५ मध्ये घसरगुंडीच्या कडेवर उभ्या असलेल्या एव्हर्टनने त्यांना पुन्हा बोलाविले, आणि हंगामअखेर संघ तेराव्या क्रमांकावर सुरक्षित होता. गुडिसन पार्कवर या संघाचा अखेरचा सामना १८ मे २०२५ रोजी झाला, तेव्हा मैदानाच्या कडेला व्यवस्थापक म्हणून मोयेसच उभे होते.