विश्लेषण : जुने उपग्रह-मागोवा सॉफ्टवेअर बीबी गावाला क्यूबात का नेऊन ठेवते?

डॉसच्या काळातले उपग्रह-मागोवा सॉफ्टवेअर आजच्या संगणकावर थोड्या खटपटीने सुरू होते. नकाशा दिसतो, त्यावर उपग्रहाचा ठिपका सरकतोही. पण सांगितलेल्या वेळी आकाशात काहीच दिसत नाही. असे का होते, त्यावर उपाय काय आणि येत्या काळात ही अडचण का वाढणार आहे, याचा आढावा.

आताच हा विषय का?

याची दोन कारणे आहेत. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ३२ बिटच्या आवृत्तीत उपलब्ध असलेली ही शेवटची विंडोज होती. विंडोज ११ केवळ ६४ बिटची आहे. त्यामुळे जुन्या संगणकावर कशीबशी चालणारी डॉसची सॉफ्टवेअर नव्या संगणकावर थेट चालत नाहीत. दुसरे कारण आकाशातले आहे. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या वस्तूंच्या नोंदवहीतील क्रमांक पाच आकडी आहेत आणि ते संपत आले आहेत.

हा प्रश्न फक्त छंदाचा नाही. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या सायंकाळी, राज्याच्या अनेक भागांतून आकाशात जळत जाणाऱ्या ठिणग्यांची रांग दिसली. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. ते चिनी रॉकेटचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. त्या रात्री उल्का, विमान, क्षेपणास्त्र अशा अनेक अफवा फिरल्या. डोक्यावरून काय जाते आहे, हे गावात कोणालातरी तपासता येणे अशा वेळी महत्त्वाचे ठरते.

उपग्रहाचा माग काढतात म्हणजे काय?

या सॉफ्टवेअरला तीन गोष्टी लागतात : उपग्रहाची कक्षा, पाहणाऱ्याचे ठिकाण आणि अचूक वेळ. कक्षेची माहिती ‘टीएलई’ या साच्यात मिळते. यात प्रत्येकी ६९ अक्षरांच्या दोन ओळी असतात. उपग्रहाचा क्रमांक, माहिती कोणत्या क्षणाची आहे ती वेळ, कक्षेचा कल, दिवसाला होणाऱ्या फेऱ्या असे आकडे ठरलेल्या रकान्यांत असतात. ‘एसजीपी४’ या गणिती पद्धतीने त्यावरून पुढची स्थिती काढली जाते. ही पद्धत १९८० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अहवालातून सर्वांना खुली झाली. आजही बहुतेक मोफत सॉफ्टवेअर तिच्यावरच चालतात.

म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरचे गणित टाकाऊ झालेले नाही. अडचण त्या गणिताच्या आजूबाजूच्या गोष्टींत आहे.

जुनी सॉफ्टवेअर अजून का वापरायची?

ती हलकी आहेत, इंटरनेटशिवाय चालतात आणि अनेक मोफत आहेत. क्वालकॉमच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या फ्रँकलिन अँटोनिओ यांचे डॉसवरील ‘इन्स्टंटट्रॅक’ एकेकाळी हॅम रेडिओ हौशींच्या घरोघरी होते. पोलंडच्या सेबास्टियन स्टॉफ यांचे विंडोजवरील ‘ऑर्बिट्रॉन’ तर पोस्टकार्डाच्या बदल्यात मिळत असे. सॉफ्टवेअर आवडले तर लेखकाला कार्ड पाठवायचे, एवढीच अपेक्षा होती.

महाराष्ट्रात या विषयाला विद्यार्थ्यांनी बळ दिले. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा एक किलोहून कमी वजनाचा उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ मधून गेला. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी २६ सप्टेंबरला पीएसएलव्ही-सी३५ मधून गेला. ‘स्वयम्’च्या उड्डाणात एकूण २० उपग्रह होते. अशा वेळी नोंदवहीत आलेल्या नव्या क्रमांकांपैकी आपला कोणता, हे शोधण्यापासून जमिनीवरच्या चमूचे काम सुरू होते. उपग्रह क्षितिजावर कधी येणार हे कळले नाही, तर अँटेना रिकाम्या आकाशाकडे पाहत राहते.

नव्या संगणकावर ती सुरूच का होत नाहीत?

डॉसची जुनी सॉफ्टवेअर १६ बिटची आहेत. ६४ बिटच्या विंडोजमध्ये ती चालवण्याची सोयच नाही. त्यावर उपाय म्हणजे ‘डॉसबॉक्स’. हे मोफत सॉफ्टवेअर संगणकाच्या आत एक नकली जुना संगणक उभा करते. जुन्या सॉफ्टवेअरचा फोल्डर त्याला जोडून द्यायचा आणि आत जाऊन ते चालवायचे.

तरीही काही सॉफ्टवेअर सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतात. हा संदेश शून्याने भागाकार झाल्याचा आहे, पण खरे कारण वेगळे आहे. टर्बो पास्कल भाषेत लिहिलेली अनेक सॉफ्टवेअर सुरू होताना संगणकाचा वेग मोजतात. सुमारे ५५ मिलिसेकंदांत किती आवर्तने झाली हे मोजून त्या संख्येला ५५ ने भागले जाते. सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या पुढच्या संगणकावर हे उत्तर १६ बिटच्या जागेत मावत नाही आणि प्रोसेसर चुकीचा इशारा देतो. म्हणजे संगणक जास्तच वेगवान असल्याने सॉफ्टवेअर कोसळते. डॉसबॉक्समध्ये ‘सायकल्स’चा आकडा कमी करून नकली संगणक संथ केला की ही अडचण बहुधा सुटते.

ऑर्बिट्रॉनसारखी ३२ बिटची सॉफ्टवेअर विंडोज ११ वरही चालतात. मात्र ती आपली माहिती ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमध्येच लिहू पाहतात आणि नव्या विंडोजमध्ये तिथे मुक्त लेखनाला मज्जाव आहे. मग माहिती ताजी केल्यासारखी वाटते, पण फाइल जुनीच राहते. असे सॉफ्टवेअर वेगळ्या साध्या फोल्डरमध्ये ठेवणे हा सोपा उपाय आहे.

सुरू झाले, पण उत्तर चुकते, ते का?

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील बीबीचे उदाहरण घेऊ. हा परिसर अंदाजे २० अंश उत्तर अक्षांश आणि साडेशहात्तर अंश पूर्व रेखांशाच्या आसपास आहे. अमेरिकेत तयार झालेल्या अनेक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पश्चिम रेखांश धन मानला जातो. तिथे साधे ७६.५ लिहिले की सॉफ्टवेअर ते ७६.५ पश्चिम समजते आणि बीबी थेट क्यूबाच्या दक्षिण किनाऱ्यावर जाऊन बसते. सॉफ्टवेअर कसलीही तक्रार करत नाही. क्यूबावरून जाणाऱ्या उपग्रहाच्या वेळा ते इमानाने सांगत राहते. अशा सॉफ्टवेअरमध्ये उणे ७६.५ लिहावे लागते.

दुसरी चूक वेळेची. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. काही जुनी सॉफ्टवेअर संगणकाचे घड्याळ जागतिक वेळ दाखवते असे गृहीत धरतात. डॉसबॉक्स मात्र संगणकावरची भारतीय वेळच पुढे देते. साडेपाच तासांत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती सुमारे साडेतीन फेऱ्या मारून मोकळे होते. घड्याळ एक मिनिट चुकले तरी स्थानक साडेचारशे किलोमीटर पुढे निघून गेलेले असते.

तिसरी चूक शिळ्या माहितीची. टीएलईतील चूक सुरुवातीला साधारण एक किलोमीटरची असते आणि खालच्या कक्षेत रोज एक ते तीन किलोमीटरने वाढत जाते. आठवडाभर जुनी माहिती डोळ्यांनी पाहायला चालून जाते. सहा महिने जुनी माहिती कामाची नाही, कारण वातावरणाच्या विरळ थराचे घर्षण आणि स्थानकाची उंची वाढवण्यासाठी केलेले बदल तिच्यात नसतात.

जुनी सॉफ्टवेअर स्वतःहून माहिती का आणू शकत नाहीत, याचेही कारण साधे आहे. त्यांच्यात लिहिलेले पत्ते बदलले आहेत. टी. एस. केल्सो यांनी १९८५ पासून चालवलेली ‘सेलेस्ट्रॅक’ ही सेवाही नव्या पत्त्यावर गेली आहे. शिवाय सुरक्षित जोडणीची आजची पद्धत अनेक जुन्या सॉफ्टवेअरना येत नाही. त्यामुळे ब्राउझरमधून फाइल उतरवून हाताने फोल्डरमध्ये ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. दिवसातून एकदा उतरवली तरी पुरते. वारंवार मागणी करणाऱ्यांना ही सेवा रोखते.

पाच आकड्यांचा पेच काय आहे?

टीएलईमध्ये उपग्रहाच्या क्रमांकासाठी पाचच रकाने आहेत. अंतराळ स्थानकाचा क्रमांक २५५४४ आहे. पण उपग्रहांचे मोठे ताफे आणि अवकाशातील कचरा यांमुळे नोंदींनी ६० हजारांचा टप्पा केव्हाच ओलांडला. ९९,९९९ पर्यंतचे काही गट राखीव असल्याने प्रत्यक्षात वापरता येणारे क्रमांक त्याआधीच संपतात.

यावर दोन उपाय निघाले आहेत. पहिल्यात पहिल्या आकड्याच्या जागी इंग्रजी अक्षर येते, म्हणजे एक लाखासाठी ‘ए०००० ’ असे. त्यातून ३,३९,९९९ पर्यंत मजल जाते. पण जुने सॉफ्टवेअर त्या जागी आकडाच शोधते आणि अक्षर दिसले की अडते. दुसरा उपाय ‘ओएमएम’ हा नवा साचा. त्यात क्रमांकाला पाच आकड्यांचे बंधन नाही. मात्र जुन्या सॉफ्टवेअरला तो वाचताच येत नाही. परिणामी आधीचे उपग्रह जुन्या सॉफ्टवेअरमध्ये दिसत राहतील, पण नवे उपग्रह हळूहळू त्यातून गायब होतील. कोणताही धोक्याचा संदेश येणार नाही.

वर्षाचाही असाच पेच आहे. टीएलईत वर्ष दोनच आकड्यांत असते. ५७ ते ९९ म्हणजे १९५७ ते १९९९ आणि ०० ते ५६ म्हणजे २००० ते २०५६, असा संकेत आहे. स्पुटनिक १९५७ चा, म्हणून सुरुवात ५७ पासून. २००० पूर्वीच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये हा संकेत नाही, ती ‘२६’ म्हणजे १९२६ समजू शकतात.

पडणारे अवशेष यातून आधी कळतील?

नाही, आणि हे नीट समजून घेणे गरजेचे आहे. खालच्या कक्षेतील वस्तू तासाला सुमारे २७ हजार किलोमीटर वेगाने जाते. ती वातावरणात केव्हा शिरेल या अंदाजात अर्ध्या तासाची चूक असेल, तर जागेत १३ हजार किलोमीटरहून अधिक फरक पडतो. एसजीपी४ची पद्धत अशा अखेरच्या टप्प्यासाठी बनलेली नाही. त्यामुळे घरच्या संगणकावरील नकाशाचा फोटो काढून ‘आज रात्री आपल्या तालुक्यात पडणार’ असा संदेश कोणी पुढे पाठवला, तर तो विश्वासार्ह नाही. या सॉफ्टवेअरमधून घटनेनंतर एक गोष्ट मात्र तपासता येते : त्या वेळी, त्या दिशेने कोणती वस्तू जाणार होती.

शाळा-महाविद्यालयांनी काय करावे?

विंडोज ११ न पेलणारे संगणक आज अनेक शाळांत आहेत. ते भंगारात काढण्याआधी त्यावर लिनक्स टाकून ‘जीप्रेडिक्ट’ हे मोफत सॉफ्टवेअर चालवता येते. ते जुन्या यंत्रावरही हलके चालते. त्यातही माहितीचे पत्ते एकदा तपासून घ्यावे लागतात. जुनेच सॉफ्टवेअर वापरायचे असेल तर क्रम असा : रेखांशाचे चिन्ह पाहणे, जागतिक वेळेचा फरक देणे, ताजी फाइल हाताने ठेवणे आणि मग पडताळणी.

पडताळणीला खर्च नाही. अंतराळ स्थानक सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयापूर्वी साध्या डोळ्यांनी दिसते. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ सेवेवरची वेळ आणि आपल्या सॉफ्टवेअरची वेळ शेजारी ठेवायची. दोन्ही जुळल्या आणि गच्चीवरून तो न लुकलुकणारा ठिपका वेळेवर आला, तर पुढच्या उत्तरांवर भरवसा ठेवता येतो. काही तासांचा फरक आला, तर बहुधा घड्याळ चुकले आहे किंवा बीबी अजून क्यूबातच आहे.