गोळी बंद, लसूण चालू

गेल्या महिन्यात दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आले. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला, स्टेंट बसवला. तेव्हापासून रोज रात्री कोलेस्टेरॉलची एक गोळी. ती त्यांनी परस्पर बंद करून तीन महिने झाले होते. "पोटऱ्या दुखायच्या हो. आता सकाळी अनशापोटी लसूण आणि गुग्गुळ घेतो. नैसर्गिक आहे, अपाय नाही." रक्त तपासले. सत्तरच्या आत असलेले एल.डी.एल., म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १४८ वर गेले होते.

वाचकहो, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत कुठून आली कोण जाणे! धोतराही नैसर्गिकच आहे. आणि ज्या गोळीला आपण 'केमिकल' म्हणून नाक मुरडतो, त्या स्टॅटिनचा शोध जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीत लावला. १९८७ साली अमेरिकेत प्रथम विक्रीस आलेले लोव्हास्टॅटिनही बुरशीतलेच. 'लाल यीस्ट तांदूळ' या नावाने जी नैसर्गिक पूड मिळते, तिच्यात हेच द्रव्य असते. फक्त मात्रा किती, ते कोणी मोजून देत नाही. २०२४ मध्ये जपानात अशाच लाल तांदळाच्या गोळ्यांनी अनेकांची मूत्रपिंडे बिघडली आणि त्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या.

लसणाची परीक्षाही झालेली आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १९२ जणांनी सहा महिने भाग घेतला. कच्च्या लसणानेही एल.डी.एल. हलले नाही. गुग्गुळाच्या २००३ मधील चाचणीत ते कमी न होता थोडे वाढलेच, काहींच्या अंगावर पुरळ उठले. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर लसणाच्या मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, ते वेगळेच.

मग स्टॅटिन निर्दोष आहे का? नाही. स्नायू दुखतात, क्वचित गंभीर इजा होते. सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ साली याच कारणाने बंद झाले. काहींची साखर थोडी वाढते. पण इंग्लंडमध्ये त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांना काही महिने खरी आणि काही महिने औषध नसलेली गोळी दिली, तेव्हा खोट्या गोळीनेही जवळजवळ तेवढाच त्रास झाला. दुखणे खरेच होते, कारण मात्र बहुधा दुसरे.

इथे आम्हा डॉक्टरांचे चुकते. दोन मिनिटांत चिठ्ठी लिहितो, गोळी कशासाठी ते सांगत नाही. मग ते काम शेजारी करतात. गुरुजींच्या पोटऱ्यांसाठी थायरॉइड तपासले, तर ते कमी निघाले. त्याने स्नायूही दुखतात, कोलेस्टेरॉलही वाढते. ही तपासणी मी दोन वर्षांपूर्वीच करायला हवी होती.

ज्यांना झटका आलेला नाही आणि कोलेस्टेरॉल थोडेसेच वाढले आहे, त्यांनी आधी तळलेले कमी करावे, चालावे, इसबगोल घ्यावे. त्याने खरोखर थोडा फरक पडतो. स्टेंट बसलेल्याने हे सारे गोळीच्या जोडीला करावे, गोळीऐवजी नव्हे.

गुरुजींना थायरॉइडचे औषध सुरू केले आहे. कोलेस्टेरॉलची गोळीही कमी मात्रेत पुन्हा चालू केली. लसूण चटणीत घालून भाकरीबरोबर खुशाल खा म्हटले. सहा आठवड्यांनी रक्त तपासायचे ठरले आहे.