सुयांची पानगळ

वैशाख सरत आला की सांगली, मिरज, साताऱ्याकडील कित्येक कुटुंबे दुकान धाकट्यांवर सोपवून चार दिवस पाचगणीच्या गारव्याला जातात. नेमक्या त्याच सुमारास आवारातील चीड अर्थात पाइन वृक्षाखाली पिवळ्या सुयांचा थर साचलेला असतो. ‘झाड वाळले, पावसात छपरावर कोसळेल,’ असे कोणीतरी म्हणते आणि माळ्याला तोडणारी माणसे आणावयास सांगितले जाते. पुष्कळदा हा निवाडा घाईचा ठरतो.

सदाहरित वृक्षाची पाने गळतच नाहीत, हा मूळ गैरसमज. चिडाची सुई साधारणतः वर्ष-दीड वर्ष टिकते. नवी फुटली की जुनी गळते. हिमालयात तिला ‘पिरूल’ म्हणतात आणि उन्हाळी वणवे तिच्यामुळेच भडकतात. जुन्या मालाची निर्गत झाली म्हणून कोणी पेढीचे दिवाळे निघाले असे म्हणत नाही.

पिवळेपणा कोठे आहे, हे पाहावे. खोडाकडील जुन्या सुया सर्व बाजूंनी सारख्या पिवळ्या आणि टोके हिरवी असतील, तर झाड निरोगी आहे. सांगलीच्या अंगणांतील मोरपंखीही आतून अशीच तपकिरी होते. परंतु शेंड्याकडील कोवळ्या सुया करपणे, एकच बाजू वाळणे, सालीतून राळ ओघळणे, बुंध्याशी अळंबी उगवणे ही दुखण्याची चिन्हे होत. चार-पाच डहाळ्यांची साल नखाने खरवडावी. आत हिरवी ओल दिसली तर त्या जिवंत आहेत. दुखण्याचे कारण बहुधा जमिनीत सापडते: बुंध्यापर्यंत घातलेली फरशी, मातीचा भराव, तुंबलेले पाणी. मुळे गुदमरतात.

जांभळांसाठी वृक्ष मुळासकट तोडू पाहणाऱ्यापासून खाली पडलेलीच फळे वेचणाऱ्यापर्यंत सहा वाटसरूंचा षट्लेश्यांचा दृष्टांत घरोघरी ठाऊक आहे. येथे तर फळाचाही लोभ नसतो, केवळ भीती असते. शिवाय नागरी हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे.

गळालेल्या सुयांचा ढीग पेटवू नये. त्यात असंख्य त्रस जीव आश्रयाला असतात. बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून त्या आळ्यात पातळ पसराव्यात, ओल टिकते. पन्हळीतल्या सुया मात्र मृगापूर्वी काढाव्यात, नाहीतर पाणी छपरात मुरते आणि दोष पुन्हा झाडाच्याच माथी येतो.