दिव्याखालचे पाहुणे

पावसाळा सुरू झाला की जिन्यातल्या दिव्याभोवती पतंग जमू लागतात. सकाळी केरसुणीने त्यांना दूर सारण्यापूर्वी क्षणभर थांबावे, अशी या पंधरवड्याची विनंती आहे. घरातील ज्येष्ठांसाठी त्यात एक आनंददायी नित्यक्रम दडलेला आहे.

पतंग बहुतांशी निशाचर असले, तरी त्यांना पाहण्यासाठी जागरण करावे लागत नाही. रात्री दिव्याकडे आलेले कित्येक पतंग उजाडल्यावरही भिंतीवर निश्चल बसून असतात. सकाळी सहा-सातच्या सुमारास जिना, व्हरांडा किंवा इमारतीच्या प्रवेशद्वाराजवळची भिंत न्याहाळली तरी पुरे. काठी घेऊन चालणाऱ्यांनाही हे सहज जमते.

ज्यांना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्यासाठी घरातही बरेच काही असते. भिंतीवर भोपळ्याच्या बीएवढी करडी, चपटी पिशवी सरकताना आपण पाहिली असेल. ते एका चिमुकल्या पतंगाच्या अळीचे घर होय. कोळ्यांची जुनी जाळी, लोकर, केस यांवर ती जगते. कुंडीतल्या तगरीवर किंवा कण्हेरीवर, निळे डोळे रंगवल्यासारखी जाड हिरवी अळी दिसली, तर ती ओलिअँडर हॉक मॉथची असण्याची शक्यता मोठी. औषधी म्हणून लावलेल्या गुळवेलीची पाने खाऊन वाढणाऱ्या काही अळ्यांचे पतंग पुढे संत्र्या-मोसंब्यांत सोंड खुपसून रस शोषतात.

हे निरीक्षण निव्वळ वेळ घालवण्याचे साधन नव्हे. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांपैकी एक, कर्नल चार्ल्स स्विन्हो, हे पेशाने सैनिक आणि छंदाने कीटकप्रेमी होते. मुंबई व दख्खन प्रदेशातील फुलपाखरे आणि पतंगांविषयीचा त्यांचा प्रबंध १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर या परिसराचे रूप पालटले. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला; पुढे भोसरी, आकुर्डी, चाकणपर्यंत कारखाने पसरले आणि आवारांतील दिवे रात्रभर जळू लागले. या बदलत्या प्रदेशात आज कोणते पतंग तग धरून आहेत, हे कळायचे तर इथेच राहणाऱ्यांनी इथल्या नोंदी ठेवायला हव्यात.

आपल्या भागातील अनेक निवृत्तांनी आयुष्यभर पाळीच्या नोंदवह्या काटेकोरपणे लिहिल्या आहेत. तीच शिस्त इथे उपयोगी पडते. दिनांक, वेळ, ठिकाण, दिव्याचा प्रकार, नखाशी तुलना करून आकार, आणि पतंग पंख पसरून बसला होता की छपरासारखे मिटून, एवढे लिहावे. अळी असल्यास ती कोणत्या झाडावर होती, तेही नोंदवावे. नाव ठाऊक नसले तरी नोंद अपुरी ठरत नाही. छायाचित्र स्पष्ट असले की जाणकार नाव सुचवू शकतात.

इथे घरातल्या तरुणांचे साह्य घ्यावे. आजोबांनी पाहावे व सांगावे, नातीने छायाचित्र काढून आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर चढवावे. काळजी घेणाऱ्यांनी मात्र नोंदवही स्वतःच्या हाती घेऊ नये. औषधाच्या वेळा, पथ्य, तपासण्या, सारेच इतरांनी ठरवलेले असते, तेव्हा दिवसातली एक गोष्ट तरी ज्येष्ठांच्या नजरेवर आणि शब्दावर चालावी. नोंद सार्वजनिक करताना घराचे नेमके ठिकाण दाखवू नये. ते धूसर ठेवण्याची सोय ॲपमध्ये असते. एकट्या राहणाऱ्यांनी हे आवर्जून करावे.

काही पथ्ये पाळावीत. केसाळ अळीला हात लावू नये. तिच्या केसांनी त्वचेची आग होते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी पतंगांच्या पंखांवरील भुकटीपासून दूर राहावे. उंचावरचा पतंग पाहण्यासाठी स्टुलावर चढू नये आणि ओल्या गच्चीवर एकट्याने जाऊ नये. पतंग यावेत म्हणून रात्रभर दिवा जळत ठेवू नये. त्याभोवती घिरट्या घालून ते थकतात आणि आपलीही झोप बिघडते.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात २०१२ मध्ये सुरू झालेला पतंग सप्ताह आता भारतातही साजरा होतो. जुलैच्या अखेरच्या पूर्ण आठवड्यात जगभरचे हौशी निरीक्षक आपापल्या दिव्याखालच्या नोंदी एकत्र करतात. त्याची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. एक जुनी वही, एक पेन आणि चष्मा उशाशी ठेवावा. उद्या सकाळी चहापूर्वी जिन्यातली भिंत पाहून पहिली ओळ लिहावी. एकही पतंग दिसला नाही, तर तेही दिनांकासह लिहावे. ती नोंदही मोलाची असते.