जातीचं नाव कापाल, जात कधी कापणार?

अनंत महादेवन यांचा 'फुले' हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीरावांच्या जयंतीदिनी प्रदर्शित होणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला आणि प्रदर्शन २५ एप्रिलवर गेले. सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई', मनूची जातिव्यवस्था हे उल्लेख काढायला सांगितले. 'तीन हजार वर्षांची गुलामी' हे शब्दही बदलून 'कित्येक वर्षांची' करायला लावले.

जोतीरावांना हा अनुभव नवा नाही. १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिले. कमिटीने ते नाकारले. नाटक छापून यायला १९७९ साल उजाडले. पण जोतीराव लिहायचे थांबले नाहीत. 'गुलामगिरी' त्यानंतरची आहे.

जातींची नावे घेतली की तेढ वाढते, असे सांगितले जाते. मग दाखल्यावर जात लागते ती कशाला? लग्नाच्या जाहिरातीत जात छापलेली चालते, पडद्यावर अत्याचार सांगताना मात्र ती चालत नाही. नाव काढले की अत्याचार करणारा अदृश्य होतो आणि सोसणारा नुसता 'गरीब' उरतो. या कात्रीचा खरा उपयोग हाच आहे.

२०२५ मध्येच महेश बनसोडे यांच्या 'चल हल्ला बोल' या चित्रपटातील नामदेव ढसाळांच्या कवितांवर आक्षेप आला. 'कोण ढसाळ?' असे बोर्डाकडून विचारले गेल्याची बातमी महाराष्ट्रभर गाजली. पद्मश्री मिळालेला कवी ज्यांना माहीत नाही, ते आपल्या कवितेचा न्याय करणार!

तरीही माणसे सिनेमा करतात. आनंद पटवर्धनांच्या 'वॉर अँड पीस'ला बोर्डाने २१ कट सुचवले होते. ते मुंबई उच्च न्यायालयात लढले आणि २००३ मध्ये एकही कट न देता जिंकले. ११ जुलै १९९७ च्या रमाबाई नगर गोळीबारात १० जण मारले गेले. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीवन संपवले. तिथून सुरू झालेला 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. पुढे तो वस्त्यावस्त्यांत दाखवला गेला.

पण प्रत्येकाला कोर्ट परवडत नाही. बोर्डाच्या निर्णयावर दाद मागण्यासाठी असलेले अपील न्यायाधिकरण सरकारने २०२१ मध्ये बंद केले. आता थेट उच्च न्यायालय. उसनवारी करून सिनेमा काढणारा आपला पोरगा वकिलाची फी आणणार कुठून? म्हणून तो आधीच मान तुकवतो. सर्वात जास्त कट असे बोर्डापर्यंत पोहोचण्याआधीच, पटकथेतच लागतात.

इथे आपणही एक गोष्ट ठरवली पाहिजे. आरक्षणावर टीका करणाऱ्या 'ओरे ओरु ग्रामतिले' या तमिळ चित्रपटाच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निकाल दिला. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीने अभिव्यक्ती दाबता येणार नाही, असे त्यात स्पष्ट आहे. तो चित्रपट आपल्या विरोधातला होता, पण त्यातले तत्त्व आपल्या कामाचे आहे. 'फुले' अडवणाऱ्यांना आपण तेच ऐकवायचे. आणि उद्या आपल्याला न पटणारा सिनेमा आला, तर बंदी मागण्याऐवजी त्याची लेखणीने चिरफाड करायची. बंदीचे हत्यार सत्तेच्या हाती दिले, की ते पहिल्यांदा आपल्यावरच चालते.

मित्रांनो, फेसबुकवर निषेध टाकून दिग्दर्शकाचे कर्ज फिटत नाही. पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवून बुद्धविहारात प्रोजेक्टर लावा, निर्मात्याला रीतसर पैसे देऊन सिनेमा दाखवा. न्यायालयात जाणाऱ्याच्या मागे आपल्या वकिलांची फळी उभी करा. जलशांना थिएटर कुणी दिले नव्हते, तरी ते गावोगावी पोहोचले. कारण समोर आपला समाज बसलेला होता.

जय भीम!