शिल्लक कोणाची?

तिजोरीत शिल्लक पडली म्हणजे प्रजा सुखी झाली, असे मानण्याचा मोह प्रत्येक सरकारास होतो. हे अनुमान कितपत खरे, हे पाहण्यास लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीइतके बोधप्रद उदाहरण आम्हांस दुसरे दिसत नाही.

1899-1900 च्या ज्या दुष्काळास आपल्या गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणतात, त्याने देश होरपळून निघाला. तेव्हा रमेशचंद्र दत्त यांनी कर्झनसाहेबांस अनावृत पत्रे लिहून जमीनमहसुलाचा बोजा हलका करण्याची मागणी केली. 1882 मध्ये 27 रुपये असलेले दरडोई वार्षिक उत्पन्न आता 30 रुपये झाले आहे, असा दाखला कर्झन यांनी 1901 मध्ये दिला. आणि 16 जानेवारी 1902 च्या ठरावाने सरकारने दत्तांस उत्तर दिले की, दुष्काळ अवर्षणाने येतो, साऱ्याने नव्हे.

हे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पाऊस कोणाच्याच हाती नसतो. शिवाय पीक पाहून वसुली सौम्य करावी, हे त्याच ठरावाने मान्य केले. परंतु एका वर्षी पाऊस न पडल्याने कुणबी उपाशी का मरावा? त्याच्या कणगीत मागील सालचे धान्य का नसावे? हा प्रश्न उरतोच.

26 मार्च 1902 रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात सात कोटींच्या शिलकेबद्दल सरकारचे अभिनंदन करण्याचे नाकारले. रुपयाचा भाव घसरला असता विलायतेचे देणे भागविण्यासाठी कर वाढविले होते. पुढे भाव सुधारला, तरी कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक भरभराटीची नव्हती, तर रयतेकडून गरजेपेक्षा अधिक घेतलेल्या पैशाची होती, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले. पुढे मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून 1903 मध्ये दोन रुपये व 1907 मध्ये एक रुपया झाला.

टीकाकार दत्त 1904 साली आमच्या बडोद्यात महसूलमंत्री झाले. सयाजीराव महाराजांनी टीकाकारास कारभारात बसविले, यातच त्यांची थोरवी आहे.

आजही सरकारे करवसुलीचे व वाढीचे आकडे अभिमानाने मांडतात. ते खोटेच असतील असे आम्ही म्हणत नाही, आणि टाळ्या वाजविण्याचीही आम्हांस घाई नाही. तिजोरीची शिल्लक सांगणाऱ्यास कणगीची शिल्लक विचारणे, हे नागरिकाचे कर्तव्य होय. त्यासाठी आवेशापेक्षा गणित अधिक उपयोगी पडते. म्हणून विद्यार्थिबंधुभगिनींनो, गणिताचा कंटाळा करू नका!